शेजारच्या पेशी

‘शेजी सांगे शेजारणीला, हळू कानाच्या काठाला,
एक गेली घाटावरी, एक राहिली वाटेला.’

हा आईचा आवाज जात्याच्या घरघरीतून यायचा. आई जाऊन वर्षं लोटली, जातं खाली कोकणातच राहिलं. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सुमन गर्भाची पेशी फुटून दोन होण्याची वाट बघू लागली की तो आवाज हटकून यायचा. आज मात्र आला तसा विरून गेला. दारात शालन उभी होती.

“बाई, ह्ये पुन्हा आलंय काय?” शिपाई सोपानराव उपरण्यानं नाक दाबून विचारत होता. तो भोसरीचा, जुन्या शेतकरी घरातला. “ओलं पोतं हाय. वास असा की पिंपरीची समदी मांजरं उद्या कारखान्यात भरती व्हत्यात.”

पोत्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेली समुद्री साळिंदरं होती. मुठीएवढी, काळी, सगळ्या अंगानं काटेरी. नवं औषध जिवंत पेशीला जाचतं का, हे या औषधांच्या कारखान्यात त्यांच्या गर्भांवर बघत. एरवी पोतं रत्नागिरीहून एसटीच्या टपावर यायचं. आज शालन ते मांडीवर घेऊन आली होती. तिच्या लुगड्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे नकाशे उमटले होते.

“या कोण?” प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नानासाहेबांनी, विचारलं.

नोकरीला लागताना सुमननं सांगितलं होतं की वडील मास्तर होते. ते सांगणं आता आडवं आलं. “किनाऱ्यावरची बाई आहे, सर. जनावरं गोळा करून देते.”

शालननं ऐकलं. तिनं सुमनकडे बघितलंसुद्धा नाही. “व्हय सायेब,” ती म्हणाली, “देते गोळा करून.” आणि एक पाऊल मागे सरकली.

सुमननं पोतं आत ओढलं. ती कामाला लागली. एकेक साळिंदर पेल्यावर पालथं ठेवायचं. पांढरं दूध सुटलं तर नर, केशरी धार लागली तर मादी. वरून काही म्हणता काही कळत नाही. केशरी धारेतल्या अंड्यांवर तिनं दुधाचा थेंब सोडला, आणि हात धुवायच्या निमित्तानं व्हरांड्यात आली. शालन भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. संध्याकाळच्या एसटीशिवाय तिला परत जाता येणार नव्हतं.

“तू कशाला आलीस?” सुमन दबक्या आवाजात म्हणाली.

“गावात इचारतात, तुजी भैन तिकडं करते तरी काय. मला सांगता येत नाय गो. म्हटलं एकदा बघून यावं.” मग तिनंच आवाज आणखी उतरवला. “जा तू आत. कोन बघल.”

दुपारी नानासाहेब स्वतःच म्हणाले, “अहो, इतक्या लांबून आणलं त्यांनी. दाखवा की त्यांना.”

शालन स्टुलाच्या कडेला टेकली. एक डोळा हातानं झाकून तिनं दुसरा काचेला लावला. सोपानराव खिडक्या उघडत फिरत होता.

“एकाच्या सोळा झाल्यात,” सुमन सांगू लागली. “वर आठ मध्यम, खाली चार मोठ्या, आणि अगदी तळाशी चार चिमुकल्या. दिसल्या?”

“दिसल्या. पोरींवानी बिलगून हायत.”

“त्या चिमुकल्या शेजारणींना सांगतात, तुम्ही काय व्हायचं ते. वरचा अर्धा भाग तोडून नुसता ठेवला तर तो पोकळ चेंडू होऊन राहतो. पण त्याला या चार लावल्या, की तोच आतडं घडवायला लागतो.”

“तोंडानं सांगतात?”

“कसं सांगतात ते अजून कुणालाच कळलेलं नाही.”

शालननं डोळा बदलून पुन्हा काचेला लावला. “आनि ह्या चारच काडल्या तर? मरतं पोर?”

“बहुतेक वेळा नाही मरत. शेजारच्या पेशी त्यांचं काम अंगावर घेतात. उशिरानं, पण गर्भ पुरा होतो.”

“मग त्या शेजारणींचं सोताचं काम?” शालननं हळूच विचारलं. “त्या सोता जे व्हनार व्हत्या, त्याचं काय?”

सुमननं पेशी वेगळ्या करायची काचेची सुई हातात घेतली.

“काय विचारलं त्यांनी?” नानासाहेब पलीकडच्या टेबलावरून म्हणाले.

“काही नाही, सर.”

शालन उठली. जाता जाता वाकली, आणि पदराचा कोरडा भाग शोधून तिनं ते स्टूल पुसलं. कडेपासून मधेपर्यंत पुसलं, मग स्टुलाचे पाय पुसले. आपला वास मागे राहू नये म्हणून.

“ऱ्हाऊ द्या की बाई,” सोपानराव ओशाळून म्हणाला. “मी पुसतो न्हवं.”

“असूं दे. बाईंना इथंच बसायचं हाय.”

बाईंना. सुमननं सुई खाली ठेवली. शालनचा पदर धरलेला हात तिनं धरला. तो खरखरीत होता, काट्यांनी टोचलेला होता, आणि सुटायला बघत होता.

“सर,” ती म्हणाली, “हिनं विचारलं, दुसरीचं काम अंगावर घेणाऱ्या पेशी स्वतः जे होणार होत्या, त्याचं काय होतं. मला उत्तर आलं नाही.”

नानासाहेबांनी चष्मा काढला.

“आमचे वडील मास्तर नव्हते. ते किनाऱ्यावर दुसऱ्यांची जाळी ओढायचे. ही शालन, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा शाळेत हीच जात होती, मी नाही. चूल हिनं घेतली, म्हणून पाटी माझ्याकडे आली.”