गिरिजाच्या पुंगळ्या

रविवारी दुपारी मनालीचा फोन आला तेव्हा मी मागच्या शेडमध्ये ड्रममध्ये पाणी भरत होतो. माझी बायको गिरिजा शूटिंग रेंजवरून आली की तिच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मी त्यात धुवायला टाकायच्या, हे आमचं ठरलेलं होतं. मनाली तिच्या रायफल क्लबातली पुण्याची मुलगी. ती म्हणाली, “काका, काकूंना कार पार्कमध्ये चक्कर आली. ॲम्ब्युलन्स आलीये. तुम्ही निघा.”

मी स्लाऊहून टॅक्सी केली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मनाली दारातच उभी होती. तिने माझा हात धरला. पुढे तिला काही सांगावं लागलं नाही.

गिरिजाची रायफल क्लबच्या सेक्रेटरीने ताब्यात घेतली आणि नंतर बंदुकांच्या डीलरकडे ठेवली. सर्टिफिकेट, म्हणजे बंदुकीचा परवाना, एकट्या गिरिजाच्या नावावर होतं, त्यामुळे मला ती हातात घ्यायचीही परवानगी नव्हती. घरातल्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते तेसुद्धा तिने मला कधी सांगितलं नाही. कायदाच तसा आहे. तिच्या या सगळ्या सामानात मी बेधडक हात लावू शकेन अशी एकच वस्तू होती, रिकामी पुंगळी. त्या दिवशी तिचा कोट, पर्स आणि पुंगळ्यांची कापडी पिशवी एवढं घेऊन मी घरी आलो. पिशवी शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि ड्रममधलं पाणी ओतून दिलं.

गिरिजा अमरावतीला कॉलेजात असताना एनसीसीत होती. तिथे तिचा नेम चांगला होता. मग लग्न, इकडे इंग्लंडला येणं, तिची नोकरी, माझं वेअरहाऊस, यात ते राहून गेलं. पन्नाशी उलटल्यावर ऑफिसातल्या एका बाईबरोबर ती क्लबात गेली आणि संध्याकाळी हसत परत आली. म्हणाली, “अहो, अजून लागतो नेम.” मी एकदाच तिच्याबरोबर गेलो. आवाजाने डोकं उठलं. मग मी घरीच राहायचो आणि पुंगळ्या धुवायचो.

काडतूस उडालं की पितळेची पुंगळी उरते. ती साफ करून मापात आणली आणि तिच्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू आणि गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार होतं. भरायचं काम गिरिजाचं. त्या वेळी ती कुणाशी बोलायची नाही. त्याआधीचं सगळं माझं. बुडातली उडालेली टोपी यंत्राचा दांडा ओढून काढायची. मग पुंगळ्या ड्रममध्ये टाकायच्या, पाणी, स्टीलच्या बारीक सळ्या, थोडं लिंबाचं सत्त्व आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. ड्रम मोटरवर फिरत राहतो आणि आत पावसासारखा आवाज येतो. नंतर सळ्या झटकून पुंगळ्या जुन्या टॉवेलवर वाळत घालायच्या. वाळल्या की भिंगाखाली एकेकीचं तोंड बघायचं. चीर दिसली तर ती बाद.

पहिल्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आई करायची तसं चिंच आणि मीठ लावून चोळत बसलो. गिरिजा दारात येऊन बघत उभी राहिली. “अहो, ही काय देवाची भांडी आहेत? मीठ राहिलं आत तर पितळ खाईल ते.” मग तिने मला नीट शिकवलं.

पितळेला उघडा हात लागला की लगेच काही दिसत नाही. महिन्याभराने तिथे बोटांचा तपकिरी डाग उमटतो. मी तिला म्हणायचो, धुतलेल्या पुंगळ्या हातमोजा घालून धर. ती म्हणायची, “नाही धरणार. मग तुम्हाला काम काय राहील?”

ती गेली मार्चमध्ये. ऑगस्टमध्ये तिची रायफल मनालीच्या सर्टिफिकेटवर चढली. तसं ठरवलं मीच. गिरिजाने तिला शिकवलं होतं, आणि डीलरने ती अनोळखी माणसाला विकलेली मला नको होती. मनाली एका शनिवारी घरी आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “काका, त्या दिवशीच्या पुंगळ्या आहेत ना तुमच्याकडे? पुढच्या महिन्यात मॅच आहे. त्या ह्याच रायफलीतून उडाल्यात, आता तिच्याच मापाच्या झाल्यात. नव्या घेतल्या तर सगळं परत जुळवत बसावं लागेल. पण तुम्हाला नको असेल तर नको. सिरियसली.”

“साफ करून देतो,” मी म्हणालो. “तू चहा टाक.”

मी पिशवी आणून किचनच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ओतली. पुंगळ्यांची तोंडं काजळीने काळी होती. आणि खाली, पिवळ्या अंगावर, बोटं उमटली होती. जवळजवळ प्रत्येकीवर.

मनाली कप घेऊन आली. “काय झालं काका?”

“गिरिजाची बोटं आहेत.”

तिने वाकून बघितलं. कप खाली ठेवले. मग म्हणाली, “काका, त्या दिवशी मी वेचल्या होत्या. काकूंची कंबर दुखत होती. मॅटवरच्या मीच उचलल्या.”

“सगळ्या?”

“मॅटवरच्या. काही काकूंनी रायफलीतून हातानेच काढून खिशात टाकल्या होत्या. त्या त्यांनी गाडीत बसल्यावर पिशवीत ओतल्या. मी बाहेर उभी होते, बोलत होतो आम्ही.” मग ती म्हणाली, “सॉरी काका.”

“सॉरी कशाला? वाकवत नव्हतं तिला.”

चहा कुणी घेतला नाही. मग मनालीने हात पुसला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. “हे बघा. लहानपणी विळीवर कापलं होतं. मध्ये आडवी रेघ आहे. भिंग आहे ना तुमच्याकडे?”

मी भिंग आणलं. दिवा खाली ओढला. एकेक पुंगळी कडेने धरून बघत गेलो. रेघ दिसली की ती मनालीकडे सरकवायची. ती परत बघायची आणि मान हलवायची. एकदा म्हणाली, “पोलिसात भरती व्हायला हवं होतं तुम्ही.”

“पोलीस हे बघत बसले असते का?”

तिच्या बाजूला ढीग वाढत गेला. माझ्या बाजूला थोड्या राहिल्या. मी त्या मोजल्या नाहीत. मनालीने त्यातली एक दिव्याखाली फिरवून बघितली आणि परत ठेवली.

“काका, ह्याच्यावर माझं दुसरं एखादं बोटही असू शकतं.”

“असू दे.”

रेघेच्या पुंगळ्या मी दुसऱ्या दिवशी साफ केल्या. टोप्या काढल्या, ड्रम फिरवला, टॉवेलवर पसरल्या. पुढच्या शनिवारी मनाली त्या न्यायला आली. तिने एक उचलून खिडकीपाशी धरली आणि म्हणाली की काकूंनाही अशाच लख्ख लागायच्या. पुरतील का विचारलं तर म्हणाली, थोड्या कमी पडतील, पण चालवून घेईन.

“बाकीच्याही देतो,” मी म्हणालो. “पुढच्या आठवड्यात.”

“घाई नाही काका.”

नंतर मी एका संध्याकाळी ड्रम भरला. बाकीच्यांतली एक पुंगळी घेतली आणि टोपी काढायच्या यंत्राखाली धरली. दांडा ओढला नाही. पुंगळी परत वर्तमानपत्रावर ठेवली.

मॅच झाली. मनालीचा नंबर खालून बराच वर आला, तिने फोन करून सांगितलं. बाकीच्या पुंगळ्यांचं तिने विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही.

त्या पुंगळ्या साफ करायच्या राहिल्या आहेत.