चिमणीचा धूर

बाजारातल्या भावात जगातली सगळी माहिती आधीच सामावलेली असते. हे त्रिकालाबाधित सत्य साडूभाऊंनी जेवताना, मिठाची बाटली पुढे ओढत सांगितलं. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मीठ मागतानाही त्यांचा तास सुरूच असे.

समोर जेवणाऱ्या बॉयलरवाल्या साडूचा घास तोंडाशीच राहिला. त्याची बावीस वर्षांची बचत तो काम करायचा त्या डब्यांच्या कारखान्याच्या शेअरमध्ये होती. आणि त्याचा बॉयलर तीन आठवडे गार पडला होता. तडा गेला होता. आत एक डबाही तयार होत नव्हता, आणि शेअर मात्र रोज चढत होता.

"मग हेही भावात आलं असेल?"

"अर्थात. बाजारवाले काय डोळे मिटून बसलेत? ते येऊन बघतात."

"येतात ना. दर मंगळवारी दोघं येतात. फाटकातूनच चिमणीकडे बघतात, धूर दिसला की वहीत टिपतात आणि जातात."

"मग झालं तर. धूर आहे म्हणजे काम चालू आहे."

"धूर मी करतो, साडूभाऊ. गार भट्टीत मोडकी खोकी जाळून. साहेबांनी सांगितलंय."

साडूभाऊंनी ताकात मीठ टाकून ढवळलं. "मग विकून टाका."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातल्या शेअरच्या कारकुनाकडे गेला. कारकुनाने बॉयलरचं रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "ही तुमचीच सही ना? 'तडा गेला, बॉयलर बंद.' म्हणजे तुमच्याकडे आतली माहिती आहे. कंपनीचे तिमाही निकाल जाहीर होईपर्यंत तुम्हाला विकता येणार नाही."

"आणि ज्याला काही माहीत नाही त्याला?"

"तो खुशाल विकेल. पण तो कशाला विकेल?"

बॉयलरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यात त्या दिवशी तेवढीच काय ती आग होती.

मंगळवारी त्याने काडी ओढली नाही. भट्टीसमोर स्टूल टाकून हाताची घडी घालून बसला. साहेबांचा फोन वाजून वाजून थकला. फाटकातल्या दोघांनी वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. 'घ्या आता लिहून,' तो मनात म्हणाला. 'एकदाचं खरं लिहा.'

त्यांनी भरभरून लिहिलं.

संध्याकाळी साडूभाऊंचा फोन आला. "अहो, अभिनंदन. तुमच्या कंपनीने धूर न करणारं इंधन आणलं म्हणे. भाव नऊ टक्के वर."

"कोण म्हणालं?"

"बाजार म्हणतोय."

"बाजाराच्या थोबाडावर तो बॉयलर नेऊन आपटावासा वाटतोय."

"तेही भावात आलं असेल," साडूभाऊ म्हणाले. त्याने फोन ठेवून दिला.

शुक्रवारी साहेबांनी आपले सगळे शेअर विकले. कारकुनाने त्यांच्यासाठीही रजिस्टर नीट तपासलं होतं. धुराचा हुकूम तोंडी होता, आणि तड्याच्या पानावर साहेबांची सही नव्हती.