दर्भाचा कावळा नको

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. धारला आमच्या घरासमोरच्या तलावाकाठी पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. चिंचेवर सात कावळे होते. लग्नात मुलाकडची मंडळी बसतात तसे बसले होते, मान न हलवता.

ताईआत्यानं एकेक वचन देऊन पाहिलं. "शरद, मधुवंतीकडे आम्ही बघू रे," माझ्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली. ढिम्म. "तुझी पुस्तकं रद्दीत नाही घालणार." एकानं पंख खाजवला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दुपारी मला देवासला कार्य आहे. दहा मिनिटं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू."

"नकली कावळा? माझ्या भावाला?" आत्या कडाडली.

मलाही ते पटेना. बाबा रोज सकाळी गच्चीवर याच कावळ्यांना शेव घालत, तीही वर्गासारखी हजेरी घेऊन.

"ते बाबांच्या आवाजानं येतात," मी म्हणाले. मग सगळे संताजीरावांकडे बघू लागले.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवत, संताजीराव पीटी. बाबांच्या निरोप समारंभात त्यांनी बाबांची हुबेहूब नक्कल केली. सभागृह लोळलं. बाबा उठले आणि म्हणाले, "मॉक. क्रियापद. अर्थ पहिला, टवाळी करणे. अर्थ दुसरा, नक्कल करणे. सरांनी दोन्ही करून दाखवल्यामुळे वेगळं उदाहरण देत नाही." लोक आणखी हसले आणि बाबांनी सात वर्षं अबोला धरला. संताजीरावांनी इंग्रजीतून माफीपत्र पाठवलं, ते बाबांनी लाल शाईनं तपासून परत केलं. दहापैकी चार.

"नाही बेटा," संताजीराव हात जोडून म्हणाले. "पुन्हा नक्कल करणार नाही अशी मी शपथ घेतलीय. आणि आज? पिंडासमोर? मेल्या माणसाची टर उडवली म्हणतील."

"पाच मिनिटं राहिली," गुरुजी म्हणाले.

"मी सांगतेय, काका. करा."

ते पुढे झाले. घसा खाकरून हळूच म्हणाले, "रोल नंबर एक." आवाज होता, पण देवळात बोलल्यासारखा. कावळे बसूनच.

"असं नाही. समारंभात केलं होतंत तसं. कवळीसकट."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आत्याचा चष्मा नाकाच्या टोकावर चढवला, पोट पुढे काढलं, जबडा कटकट वाजवला आणि ओरडले, "रोल नंबर एक! अरे ओ भिया, कान में तेल डाला क्या? यस सर कोण म्हणणार, तुझा मामा?"

आत्याला फसकन हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला. गुरुजी तलावाकडे तोंड करून खांदे हलवू लागले.

"रोल नंबर दोन! लेट! बाप को लेके आना! रोल नंबर तीन, शेव काय खिशात भरतोस, निर्लज्जा?"

चिंच हलली. एक उतरला, मग तिघं. सगळ्यात जाड्यानं पिंडात चोच घातली आणि मोठा घास घेऊन उडाला.

"शिवला!" गुरुजी म्हणाले आणि पिशवी भरायला लागले.

संताजीरावांना ते दिसलं नसावं. आत्याच्या चष्म्यातून त्यांना काहीच दिसत नव्हतं. कावळे सातच, पण ते रोल नंबर अकरावर पोचले होते, अकरा नंबरच्या वडिलांची अक्कल काढत होते. आत्यानं त्यांना थांबवायला हात वर केला.

मी तो खाली धरून ठेवला.