मनमिळाऊ मयत

आमच्या कपाटातल्या फायलींवर विश्वास ठेवला, तर खून फक्त मनमिळाऊ माणसांचेच होतात. बासष्ट फायली, बासष्ट मयत, आणि सगळे शांत, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. एकही चिडका नाही, एकही ऐदी नाही. शब्द माझ्या थोरल्या बहिणीचे. टाइप मी करते, म्हणून पाठ आहेत.

ताईचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या मारामारीत गेला. मारणाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि कोर्टात ताईला कुणी एक शब्द विचारला नाही. तेव्हापासून तिने अशाच बासष्ट घरांचे अर्ज लिहून दोन मागण्यांसाठी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं: शिक्षा वाढवा, आणि ती ठरवण्याआधी मयताच्या घरच्यांना बोलू द्या. मंत्री तिला बघून मागच्या दाराने सटकायचे. शेवटी कंटाळून त्यांनी दुसरी मागणी मान्य केली. पाच मिनिटं, घड्याळ लावून.

पहिली पाळी आली शिंपीणबाईंची. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एकाच गाळ्यात अर्ध्या भागात त्याचं टेबल, अर्ध्यात बाईंचं मशीन. दुकानासमोर गाडी लावण्यावरून एका तरुणाशी त्याची बाचाबाची झाली आणि त्या पठ्ठ्याने गाडीतला पाना काढून त्याच्या डोक्यात घातला. सरकारी वकिलाने चौदा वर्षं मागितली होती, समोरचा आठवर आणायला बघत होता. मधली सहा वर्षं बाईंच्या पाच मिनिटांवर लटकली आहेत, असं ताईचं ठाम मत.

तालीम आमच्या बाहेरच्या खोलीत. न्यायाधीश मी. स्टुलावर बसून मधूनमधून जांभई द्यायची, कारण खरे न्यायाधीश देतात आणि बोलणाऱ्याने बावचळता कामा नये.

"माझे पती शांत स्वभावाचे..." बाई अडखळल्या. "शांत कुठले हो? गिऱ्हाइकाशी रोज तंडायचे. आणि घोरणं तर असं की..."

"घोरणं नको," ताई म्हणाली. "घोरणाऱ्याला मारलं की शिक्षा कमी होते."

"माझ्याशी तर सकाळपासूनच. माझी कात्री घ्यायचे आणि मलाच विचारायचे, कुठे ठेवलीस म्हणून."

"कात्रीही नको."

चौथ्या दिवशी बाई सगळा कागद घडाघडा म्हणायला लागल्या. निघताना चपला घालता घालता मला हळूच म्हणाल्या, "हे म्हणायला लागले की मला ते आठवतच नाहीत हो. भलताच कुणी माणूस डोळ्यांसमोर येतो. खरे गेले कुठे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस एकदा पान्याने गेला होता, आता आमच्या टाइपिंगने चालला होता. पण ताईला हे सांगायची माझी काय टाप!

कोर्टात बाई उभ्या राहिल्या. पहिली ओळ वाचली, थांबल्या, कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"साहेब, माझा नवरा भांडखोर होता," बाई म्हणाल्या. "हेकट. चूक कबूल करणं माहीतच नाही. त्या दिवशीही पहिली शिवी त्यांनीच दिली असणार, मी ओळखते ना त्यांना. पण मीही एकतीस वर्षं त्यांच्याशी भांडले, साहेब, आणि मी कधी पाना उचलला नाही. त्या सकाळी कात्रीवरून आमचं जुंपलं होतं. ते म्हणाले, संध्याकाळी बघतो तुझ्याकडे. मी अजून वाट बघतेय."

न्यायाधीशांनी जांभई दिली नाही. दहा वर्षं दिली.

पायऱ्यांवर ताई बाईंवर तुटून पडली. "चार वर्षं घालवलीत! पहिली शिवी त्यांनीच दिली, हे सांगायची काय गरज होती?"

"घालवली तर घालवली," बाईही काही कमी नव्हत्या. "तुमच्या कागदातला तो साधू मेला काय नि जगला काय, मला काय त्याचं? माझा माणूस मेलाय, ताई. तोच सांगितला मी."

मी गाडीने बाईंना त्यांच्या दुकानाशी सोडलं. सिग्नलला ताई एकदम म्हणाली, "त्या दिवशी जाताना पोरगा मला काय म्हणाला, माहितेय? 'डोकं खाऊ नकोस.' आणि दार आपटून गेला."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. भाषणांत तर तो पाया पडून निघायचा.

मला भीती वाटत होती, तरी बोलले. "कार्टं होतं ताई. नंबर एकचं उद्धट. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत धड उभं राहिलं नाही. आणि मला 'म्हैसमावशी' म्हणायचं, तुझ्यामागे."

ताई फिसकन हसली आणि मग हमसून हमसून रडायला लागली. "अजून सांग," म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली आणि सांगायला लागले.