चार बोटं निळं कापड

शाळा सुटली तशा शीला आणि सत्यशीला हातात हात घालून कापडबाजारात शिरल्या. यवतमाळातली ही सगळ्यांत ऐटदार दुकानांची ओळ! काचेची कपाटं, पांढऱ्याशुभ्र गाद्या, डोक्यावर पंखे. स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी दोघींना सारखं पोलकं हवं होतं. शीला एका दुकानात जाऊन गादीवर बसली. सत्यशीला पायरीखालीच थांबली. तिच्या घरानं बौद्ध धम्म घेऊन दोन वर्षं झाली होती, पण तिच्या वस्तीतल्या माणसांना कापड तिथूनच दाखवायची रीत काही बदलली नव्हती.

"ये ना गं वर! हात लावून पाहा, किती मऊ आहे."

"नको वं, शेठ बोलन."

"बोलन कायले? मी आहे ना!" शीलानं मैत्रिणीच्याच बोलीत हसून तिला वर ओढलं.

सत्यशीलानं निळ्या वॉइलच्या तलम कापडाला बोटं लावली. शेठनं कात्री उचलली, तेवढाच काठ कापला, चार बोटं, आणि पायरीवर टाकला.

"ले जा. बाटलेलं आम्ही विकत नाही."

सत्यशीला मान खाली घालून निघून गेली. 'मी आहे ना' म्हणणारी शीला गप्प. तो तुकडा तेवढा तिनं उचलून कंपासपेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाचा भाऊ श्रावण कॉलेजातली वीस पोरं घेऊन त्याच गादीवर जाऊन बसला. रेटारेटीत काच फुटली. श्रावण कोठडीत गेला. सत्यशीलाचा बाक रिकामा राहिला. आणि शीला उशीच्या खोळीला हात लावो की आईच्या लुगड्याला, तिला कात्रीचा आवाज ऐकू येई. कर्र.

रविवारी वाचनालयात सभा भरली. विषय, 'बाजारातील तरुणांचा दंगा'. अध्यक्ष शीलाचे वडील, मधुसूदन वकील.

"पोरं माजली आहेत!"

"त्या श्रावणचं नाव कॉलेजातून काढा!"

मागच्या भिंतीशी श्रावणचे वडील बाबाराव उभे होते. "काच फुटली ते सगळ्यायले दिसलं, साहेब. पोरं तिथं गेले काहून, हे कोनी पुसून नाही राह्यलं."

कुणी वळूनही पाहिलं नाही. बायकांच्या रांगेतून शीला उठली.

"शीला, खाली बस!" वकील कडाडले.

तिनं तो तुकडा वडिलांच्या टेबलावर ठेवला. "बाबा, सत्यशीलाच्या आधी हे कापड मी चांगलं चुरगाळून पाहिलं होतं. शेठजींनी तो भाग का नाही कापला? तेव्हा मी गप्प बसले. कोर्टात नाही बसणार. श्रावणदादाच्या बाजूनं साक्ष देईन."

वकिलांनी तुकडा उचलायला हात पुढे केला, आणि हात अधांतरीच थांबला. साऱ्या सभेनं पाहिलं.

शीलाला पुन्हा तो आवाज ऐकू आला. ती खाली बसली नाही.

वाचकहो, तिथं तुमचा हात असता, तर?