एलिझाबेथच्या सणाचं सूप

आमच्या वसईत फादर म्हणतील ती पूर्व दिशा. फादरांनी सांगितलं आज रविवार आहे, तर आम्ही बुधवारीसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून चर्चमध्ये मिस्साला जाऊन बसू. अशा गावात मी वाढले. मी उत्तरा डाबरे, सध्या मुक्काम नोव्हाय, मिशिगन. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. बॉसशी भांडले आहे, नवऱ्याशी नेमाने भांडते, विमानतळावर इमिग्रेशनच्या साहेबाशीही एकदा भांडून झालंय. फादरांशी मात्र कधीच नाही. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात जे घडलं त्याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही.

नोव्हायमध्ये मराठी माणसं पैशाला पासरी. मंडळ आहे, ढोलपथक आहे, दिवाळी अंकसुद्धा निघतो. पण डाबरे हे वसईच्या ख्रिश्चनांचं आडनाव, हे कळलं की ठरलेला प्रश्न येतो, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं बोलता?" मी म्हणते, "तुमच्यासारखंच. तोंडाने." जवळच्या भल्यामोठ्या चर्चमध्ये तीन वर्षं गेले, तिथे हसून हात मिळवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा नव्याने नाव विचारायचे. मग ऑफिसात कुणीतरी म्हणालं, डेट्रॉइटच्या दक्षिणेला जुन्या कारखान्यांच्या वस्तीत एक हंगेरियन चर्च आहे, तिथे सणाला फर्स्टक्लास जेवण असतं. मी जेवायला गेले होते, भक्तीला नाही. मिस्सा संपल्यावर एका म्हातारीने माझा दंड धरला. नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. म्हणाली, "कोट काढ. हात धू." आणि तळघरातल्या किचनमध्ये नेऊन माझ्यापुढे कणकेचा गोळा ठेवला.

त्या इलोना नेनी. नेनी म्हणजे त्यांच्यातली मावशी. पोरवयात आईवडिलांबरोबर हंगेरीतून पळून आलेल्या, आता पंचाऐंशीच्या पुढे, आणि जिभेला हाड नाही.

त्या किचनमध्ये बायका 'चिगा' वळतात. अंड्यात भिजवलेल्या कणकेचे नखाएवढे चौकोन कापायचे, खाचा पाडलेल्या पाटीवर ठेवायचे आणि बारीक काडीने एका झटक्यात गुंडाळायचे. गोगलगाईच्या शंखासारखी इवलीशी नळी होते. ती वाळवून ठेवायची आणि लग्नाला, सणाला कोंबडीच्या पिवळ्याधमक सूपमध्ये सोडायची. एकटीने वळायची नसते, टेबलाभोवती बसून, गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत वळायची असते. मंडळातल्या राधिकाला मी मूठभर दाखवल्या, तर ती म्हणाली, "अगं, हे तर आमच्या गव्हल्यांचं सख्खं भावंड!" गव्हले तिच्या लग्नात होते. वसईत आमच्याकडे नसतात. पण माणसं एकत्र बसून बारीकसारीक काहीतरी वळतात आणि त्यातून घर उभं राहतं, एवढं मला कळत होतं.

या चर्चची संत एलिझाबेथ, हंगेरीची राजकन्या. बाकी जगाच्या कॅलेंडरात तिचा सण सतरा नोव्हेंबरला, आमच्याकडे एकोणीसला. का, तर हंगेरीत एकोणीसलाच असतो. यावरूनच फादर ब्रायन यांच्याशी पहिली ठिणगी पडली, त्यांना सण सतरालाच हवा होता.

फादर ब्रायन नवे. वाईट माणूस नाही, तीन चर्चेस एकट्याने सांभाळतात, गाडीतच सँडविच खातात. पण त्यांना सगळं आटोपशीर लागतं. ऑक्टोबरात त्यांनी मिस्सानंतर जाहीर केलं की हंगेरियन मिस्सा महिन्यातून एकदाच होईल, तळघरातलं किचन एक तारखेपासून बंद, इन्शुरन्सचा प्रश्न आहे, सगळ्या चाव्या ऑफिसात जमा कराव्यात. सणाच्या दिवशी केटरर येईल. चिकन आल्फ्रेडो, तो पांढऱ्या सॉसमधला पास्ता.

"आल्फ्रेडो!" नेनी पहिल्या बाकावरून एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की वेदीपाशी उभा असलेला सेवक दचकला.

उन्हाळ्यापासून वळलेल्या चिगांचे डबे किचनच्या फळीवर रांगेत होते. यंदा नेनींनी डॉक्टरांना निक्षून सांगितलं होतं की हृदयाचं जे काही करायचं ते सणानंतर. "एलिझाबेथचं सूप याच चर्चमध्ये एकदा वाढते, मग तुम्ही मला खुशाल उघडा." त्यांना दुसरं काही नको होतं. चर्च राहील का जाईल ते बिशप बघतील, पण या सणाला आपल्या हातचं सूप आपल्याच अंगणात वाढलं गेलं पाहिजे.

बाकीच्या बायकांनी चाव्या मुकाट दिल्या. माझी पर्समध्येच राहिली. देणार होते, रोज देणार होते.

बायकांची मीटिंग मार्गितच्या घरी भरली. मार्गित नेनींची भाची, शाळेतून रिटायर झालेली, जरा भित्री. तिने तोडगा काढला: सूप घरी करायचं, डबे फुलांच्या परड्यांत लपवून आत न्यायचे, वर गुलाब ठेवायचे. एलिझाबेथची गोष्ट तीच आहे ना! राजकन्या पदरात भाकरी लपवून गरिबांना द्यायला निघाली, वाटेत अडवलं, पदर उघडायला लावला, तर भाकरीचे गुलाब झालेले. आमच्या चर्चमधल्या तिच्या पुतळ्याच्या पदरातही गुलाबच आहेत.

"आणि मग?" नेनींनी विचारलं.

"मग काय? चमत्कार झाला."

"तो झाला गं. पण त्या दिवशी गरिबांनी काय खाल्लं? गुलाब?" नेनींनी टेबलावर थाप मारली. "ऐंशी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, हे कुणी सांगत नाही. माझ्या सूपवर फूल ठेवायचं नाही."

मग मी माझं डोकं चालवलं. ब्रेकच्या कोडमधल्या फटी शोधत जन्म गेला माझा. मी म्हटलं, "नेनी, फादर किचन बंद म्हणालेत. अंगण बंद म्हणाले नाहीत. आपण बाहेर शिजवू." मंडळाचं गणपतीच्या महाप्रसादाचं पातेलं आणि शेगडी राधिकाकडे होती. तिने एका फोनवर दिली, वर म्हणाली, "मसालेभाताचा वास येईल हं त्याला, यार, कितीही घासलं तरी जात नाही."

नेनींनी माझ्याकडे बघितलं. "ही वकिलाची युक्ती आहे, उत्तरा. चावी तुझ्याकडे आहे."

मी मान खाली घातली. "फादरांना तोंडावर नाही म्हणणं मला जमायचं नाही, नेनी."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचं ते "बरं" मला शिवीपेक्षा लागलं. चिगांचे डबे मी किचन बंद होण्याच्या आदल्या दिवशी गाडीत घालून घरी आणले, तेही हळूच.

रात्रभर झोप नाही, म्हणून सकाळी वसईला आईला फोन केला. तिला वाटलं कुणी गेलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "जेवू घालू नका, असं फादर म्हणतो? दीक्षा झालेली आहे ना त्याची?"

"आई!"

"मग घाबरतेस कशाला? आवाज चढवू नको, पण हात आखडू नको."

एकोणीस नोव्हेंबर रविवारी आला. बोचरी थंडी, पाठीत शिरणारा वारा. आम्ही मिस्साच्या आधीच पायऱ्यांशेजारी शेगडी पेटवली. पातेल्यावर लाल रंगात 'महाराष्ट्र मंडळ' असं ठसठशीत लिहिलेलं, आत कोंबड्या, गाजरं, सेलरीची मुळं, मिरीदाणे. नेनी खुर्चीवर ब्लँकेट पांघरून पळीने फेस काढत होत्या, झाकण ठेवू देत नव्हत्या. वास उघड्या दारातून सरळ आत गेला. फादर प्रवचनात तीनदा अडखळले आणि मागच्या बाकावरची मेक्सिकन पोरं गालात हसत राहिली.

मिस्सा संपली तशी माणसं रांगेत उभी राहिली. म्हातारे हंगेरियन होते, काही जण मुलांच्या गावांहून दोन-दोन तास गाडी चालवून आलेले. शेजारच्या गल्लीतली मेक्सिकन कुटुंबं होती, आणि माझा नवरा होता, जो कुठल्याही रांगेत पहिला असतो. मी चिगा सोडल्या. त्या वर तरंगायला लागल्या तेवढ्यात फादर ब्रायन बाहेर आले, झगा काढून, जॅकेट घालून.

"उत्तरा, मी स्पष्ट सांगितलं होतं."

"किचन बंद आहे, फादर. म्हणून बाहेर केलं."

"केटरर हॉलमध्ये थांबलाय. हे सगळं विझवा, प्लीज. चर्चच्या आवारात बाहेरचं अन्न वाढता येणार नाही. आणि तुमच्याकडची चावी अजून आलेली नाही." ते दमले होते, हे मला दिसत होतं. मग आवाज खाली आणून, जणू माझी बाजू घेत, ते म्हणाले, "तुम्ही यात का पडता? तुम्ही तर हंगेरियनही नाही."

रांगेतली डोकी आमच्याकडे वळली.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? लहानपणी पापनिवेदनाच्या खिडकीपुढे वाटायची तशी. पण तो प्रश्न! जन्मभर हाच प्रश्न. मराठीत बोलले तर ख्रिश्चन कशी, मिस्साला गेले तर भारतीय कशी, सूप ढवळलं तर हंगेरियन नाही. माझ्या डोक्यात काहीतरी चटकन तुटलं.

"नाही, फादर, मी हंगेरियन नाही," मी म्हटलं. "सात वर्षं इथली भांडी मी घासलीयेत. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तुम्ही परवाच आलात आणि तुम्हीही हंगेरियन नाही. तरी आम्ही तुम्हाला फादर म्हणतो."

मार्गितने तोंडावर हात ठेवला. फादरांचे कान लाल झाले, थंडीने असतील. त्यांनी हात पुढे केला. तळवा वर, शांतपणे. "चावी."

चावी माझ्या कोटाच्या खिशात होती. सवयीने माझा हात तिकडे गेलाही. खोटं नाही सांगत, बोटांना ती लागली. नेनी बघत होत्या. पळी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मी एक वाटी काठोकाठ भरली. त्यात गाजर घातलं, कोंबडीचा चांगला तुकडा घातला, चिगा सढळ हाताने घातल्या, आणि ती फादरांच्या पुढे केलेल्या हातात ठेवली.

"गरम आहे. दोन्ही हातांनी धरा."

त्यांनी धरली. न धरून करतात काय?

"आणि चावीचं म्हणाल तर, नाही, फादर." आवाज चढवला नाही. "नाही देणार."

एवढंच. वीज पडली नाही, जमीन दुभंगली नाही. फादर ब्रायन वाटी धरून उभे होते, वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला होता आणि तो पुसायला त्यांच्याकडे हात उरला नव्हता. नेनींनी खुर्चीतूनच पुढच्या माणसाला खूण केली, "चला, निवतंय!" रांग हलली.

पहिल्या फेरीतच वाट्या संपल्या. उष्ट्या वाट्यांची चळत पायरीवर उभी राहिली आणि रांगेत अजून निम्मी माणसं. त्या धुवायच्या तर गरम पाणी हवं, आणि गरम पाणी एकाच ठिकाणी होतं.

मी चळत उचलली, फादरांच्या समोरून गेले, तळघराचा जिना उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खटकन कुलूप उघडलं. दिवे लावले. नळ पूर्ण सोडला. मागे पावलं वाजली. मार्गित होती, बाह्या वर करत होती.