अंगणातला प्रसंग

मुलीचा घटस्फोट झाल्यानंतर चिंतामणराव गायधनींना जावयाची आठवण यायची ती शुक्रवारी. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं?

चिंतामणराव नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. इंदिरानगरला त्यांचा फ्लॅट. सिनेमाचा नाद शाळेपासूनचा, पण त्या नादाला घरात जोडीदार नव्हता. अनसूयाबाईंना थिएटरातला एसी सोसायचा नाही, गुडघे धरायचे. यशश्री, त्यांची एकुलती एक मुलगी, कंपनीत नोकरीला. शुक्रवारी दुपारी तिला कोण सोडणार? मग यशश्रीचं लग्न झालं आणि श्रेयस घरात आला. तो आर्किटेक्ट, ऑफिस स्वतःचं, त्यामुळे शुक्रवारची दुपार मोकळी काढणं त्याला जमायचं. नवा सिनेमा लागला की सासरे-जावई मिळून जात. नंतर चिंतामणरावांच्या घरी चहा, आणि चहावर चर्चा. हा सिनेमा मूळ कुठल्या भाषेतला, कुणी काय बदललं, कुठे माती केली, कुठे मुळापेक्षा बरं केलं. यशश्री ऑफिसातून परस्पर माहेरी यायची तेव्हाही दोघांचं चाललेलंच असायचं.

लग्न चार वर्षं टिकलं. भांडण झालं नाही, मारहाण, दारू, बाहेरचं प्रकरण, काही नाही. यशश्री एकदा बॅग घेऊन माहेरी आली आणि म्हणाली, "मला तिथे एकटं वाटतं." श्रेयस तिला न्यायला आला होता. हॉलमध्ये बसला, पाणी प्यायला, बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि गेला. पुढचं सगळं दोघांच्या संमतीने झालं. नातेवाइकांना कारण सांगताना अनसूयाबाईंची पंचाईत व्हायची.

त्यालाही दीडेक वर्ष होऊन गेलं. जानेवारीतली गोष्ट. थंडी मी म्हणत होती. कुंभमेळ्याच्या कामांसाठी निम्मं शहर खोदून ठेवलेलं, त्यामुळे चिंतामणराव स्कूटर न काढता रिक्षाने थिएटरला गेले. एका जुन्या मराठी सिनेमाचा हिंदी रिमेक लागला होता. मूळ सिनेमा त्यांनी तरुणपणी पाहिला होता, आणि तो ज्या कथेवरून काढला ती कथाही एका दिवाळी अंकात वाचली होती. आडगावातल्या स्टेशनमास्तरची गोष्ट. बायको त्याला सोडून माहेरी जाते, तो तिला आणायला जातो, एवढीच.

दुपारचा शो, थिएटर जवळजवळ रिकामं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेत श्रेयस दिसला. एकटाच होता.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. टाळता येण्यासारखं नव्हतं. श्रेयस उठून उभा राहिला.

"बा..." तो म्हणाला आणि अडखळला. "काका, कसे आहात?"

त्या 'काका'चं चिंतामणरावांना वाईट वाटलं, पण दुसरं तो काय म्हणणार होता? "बरा आहे," ते म्हणाले. "ये, पुढे ये. इथून बरं दिसतं."

सिनेमा संपल्यावर दोघे चहाला बसले. यशश्रीचं नाव कुणीच काढलं नाही. आधी थंडीचं बोलून झालं, मग रस्त्यांचं, आणि मग चिंतामणरावांना राहवलं नाही.

"शेवट बिघडवला रे," ते म्हणाले. "मूळ सिनेमात तो अंगणात उभा राहून केवढं बोलतो. सगळं कबूल करतो, की तू असताना मी घरी असून नसायचो. आख्खं थिएटर रडलं होतं. आणि इथे काय, तर नुसता चहा."

रिमेकमध्ये स्टेशनमास्तर सासरच्या अंगणात येऊन काहीच बोलत नाही. चुलीवरचं आधण उतरवतो, चहा गाळतो, बायकोपुढे कप ठेवतो. ती कप रिकामा करते आणि उठून बॅग भरायला लागते.

"मला तर तेच आवडलं," श्रेयस म्हणाला. "मूळ सिनेमातलं ते भाषण खोटं वाटायचं मला. असा माणूस एकदम एवढं बोलेल? आणि कॅमेरा बघा ना, ती बॅग भरते तेव्हा तो दारातच थांबतो. आत जात नाही. तिचं तिला ठरवू देतो."

पुढे बराच वेळ ते बोलत राहिले. श्रेयस हात हलवून बोलत होता, मध्येच हसत होता. घरी येताना चिंतामणरावांना कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. नंतरच्या शुक्रवारी ते पुन्हा भेटले. त्याच्या पुढच्याही.

अनसूयाबाईंना त्यांनी लगेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "भेटायला काही हरकत नाही. पण यशूला सांगा."

"सांगतो."

"तिला बाहेरून कळता कामा नये."

"सांगतो म्हटलं ना."

पण वेळ काही सापडत नव्हती. यशश्री कामावरून दमून यायची. एका रविवारी रात्री जेवताना तिनेच विषय काढला. तो रिमेक आता मोबाइलवर आला होता आणि तिने दुपारी पाहिला होता.

"तुम्ही बघितलात ना हा, बाबा? कसा वाटला?"

चिंतामणराव खुलले. मूळ सिनेमा, रिमेक, दोन्ही शेवटांतला फरक. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "पण एक आहे, कॅमेरा दारातच थांबतो. आत जात नाही. तिचं तिला ठरवू देतो."

यशश्रीने घास खाली ठेवला.

"हे तुमचं वाक्य नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी कॅमेऱ्याबद्दल बोलत नाही. श्रेयस भेटला होता?"

अनसूयाबाई भात वाढायचं थांबल्या. चिंतामणराव म्हणाले, "भेटतो. शुक्रवारी."

"दर शुक्रवारी?"

"जमेल तसं."

तिला राग येईल असं त्यांना वाटलं होतं. पण ती रागावली नाही. मग म्हणाली, "बोलतो तुमच्याशी?"

"हो, म्हणजे सिनेमावर."

"किती वेळ?"

चिंतामणरावांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

"मी आल्यावर इथे सोफ्यावर बसायचे, आठवतं तुम्हाला?" यशश्री म्हणाली. "तुमचं दोघांचं चालू असायचं. मी ऐकत बसायचे. मला आवडायचं ऐकायला. मग आम्ही घरी निघायचो. गाडीत तो एक शब्द बोलायचा नाही. घरी पोचल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी विचारायचे, काय झालं? तर म्हणायचा, काही नाही, छान आहे सगळं. आणि खरंच त्याच्या दृष्टीने छान असायचं. सकाळी उठून मला चहा करून द्यायचा."

"चहा," चिंतामणराव म्हणाले.

"हो ना. म्हणून तर तो शेवट बघून मला हसू आलं. चहा दिला म्हणजे सांगितलं, असं होतं का बाबा? ती बाई बॅग भरते कशी, तेच मला कळलं नाही."

"मग तुला मुळातलं भाषण आवडलं असतं."

"नाही. तेही नाही. एवढं साठवून एकदम कशाला बोलायचं? रोज थोडं बोललं असतं तर ती गेली असती का?"

अनसूयाबाईंनी तिच्या ताटात भात वाढला. त्या म्हणाल्या, "मूळ कथेत तो न्यायला जातच नाही."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी वाचली होती तेव्हा. तुम्हीच अंक आणला होतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कथेत तो स्टेशनावरच राहतो, गाड्यांना झेंडी दाखवत. सिनेमावाल्यांनी त्याला अंगणात नेलं."

चिंतामणरावांना हे आठवत नव्हतं. सिनेमा त्यांच्या मनात एवढा पक्का बसला होता की कथेचा शेवटही तोच असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

त्या रात्री त्यांना उशिरापर्यंत झोप लागली नाही. सोफ्यावर बसून ऐकणारी यशश्री त्यांना आता आठवत होती. कपाळावर ऑफिसचा शीण आणि हातात थंड होत चाललेला चहा. ती थकली आहे म्हणून गप्प आहे, असं त्यांना वाटायचं. खरं तर त्यांना तसंही वाटलं नव्हतं. त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. आपल्याला बोलायला माणूस मिळाला, या आनंदात ते होते.

बुधवारी यशश्री म्हणाली, "या शुक्रवारी मी सुट्टी टाकलीय. मी येते तुमच्याबरोबर."

"कशाला?" अनसूयाबाई पटकन म्हणाल्या.

"बघायला."

"त्याला आधी सांगून ठेवू का?" चिंतामणरावांनी विचारलं.

"सांगा ना. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

त्यांनी फोन केला. श्रेयसने कितीचा शो ते विचारलं. मग म्हणाला, "या."

शुक्रवारचा सिनेमा एका कादंबरीवरचा होता आणि फार बरा नव्हता. चिंतामणराव मध्ये बसले, दोन बाजूंना दोघे. त्यांचं पडद्याकडे लक्ष लागत नव्हतं. नंतर तिघे चहाला गेले. चहा सांगून झाल्यावर यशश्रीच म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखं बोला ना. मी ऐकते."

मग श्रेयसने सुरुवात केली. आधी चाचरत, चिंतामणरावांकडे बघत. कादंबरीतली म्हातारी गाळली ही चूक झाली, तिच्यावाचून मुलाचं वागणं कळत नाही, असं तो म्हणाला.

"ती गाळली ते बरंच झालं," यशश्री म्हणाली. "कादंबरीत ती सगळ्यांचं मन ओळखून सांगत बसते. त्यामुळे बाकीच्यांना तोंड उघडायला लागतच नाही."

श्रेयसने तिच्याकडे पाहिलं. "तू कादंबरी वाचलीस?"

"लग्नाच्या आधी. तुझ्याच कपाटात अजून असेल माझी प्रत."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

हे ती भांडायच्या स्वरात म्हणाली नाही. चिंतामणराव उठायला लागले. म्हणाले, "मी जरा बिलाचं बघतो." यशश्रीने त्यांच्या हातावर हात ठेवला, "बसा बाबा." ते बसले.

श्रेयस कपाच्या कानाशी चाळा करत होता. "मला वाटायचं, तुला कळतं," तो म्हणाला. "म्हणजे, मी काही बोललो नाही तरी. तुला माझं सगळं कळायचंच ना."

"कळायचं," यशश्री म्हणाली. "बरंचसं कळायचं. पण मला ऐकायचं होतं."

"काकांशी बोलताना सोपं जातं. सिनेमा असतो ना मध्ये."

"मग माझ्याशीही सिनेमावरच बोलायचंस. मला चाललं असतं."

त्यावर त्याने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण तो रडला नाही. चिंतामणराव खिडकीबाहेर बघत राहिले. खाली जेसीबी रस्ता उकरत होता आणि दुचाकीवाले मातीच्या ढिगाऱ्याला वळसा घालून जात होते. आपण मध्ये बसलो आहोत आणि आपल्याला बोलण्यासारखं काही नाही, हे त्यांना नवीन होतं.

घरी जाताना रिक्षात यशश्री म्हणाली, "चांगला बोलतो. मी विसरलेच होते."

"तुला वाईट नाही ना वाटलं?"

"वाटलं. पण ते आधीपासूनच होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही जात जा त्याच्याबरोबर. त्यालाही कुणी नाही. फक्त मला परत जा असं म्हणू नका. तुम्हीही नाही, आईही नाही."

"नाही म्हणणार."

त्यांनी शब्द पाळला. शुक्रवार चालू राहिले, मात्र दर आठवड्याला नाही. मधल्या एखाद्या दुपारी ते अनसूयाबाईंबरोबर घरीच टीव्हीवर सिनेमा बघू लागले. बाई सिनेमा चालू असतानाच बोलायच्या, आणि हे चिंतामणरावांना अजिबात आवडायचं नाही. पण त्या बोलायच्या त्यात तथ्य असायचं, असं त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं.

मार्चमध्ये एकदा सिनेमा संपल्यावर श्रेयसने प्रथमच विचारलं, "यशश्री कशी आहे?"

चिंतामणरावांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. बरी आहे, ऑफिसात बढती मिळाली, घर बघतेय. ते त्यांनी गिळलं.

"तिलाच विचार," ते म्हणाले. "नंबर तोच आहे."

"उचलेल?"

"ते मला काय माहीत?"

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी यशश्री स्वयंपाकघरात आईबरोबर मेथी निवडत बसली असताना तिचा फोन वाजला. नाव बघून ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग ती काहीतरी म्हणाली, मग पुन्हा ऐकत राहिली. एकदा हसली.

ती आत आली तोवर मेथी निवडून झाली होती.

"श्रेयस होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"पुष्कळ बोलला."

तिने देठं गोळा केली आणि ती कचऱ्याच्या डब्याकडे गेली. काय बोलला ते तिने सांगितलं नाही. चिंतामणराव दाराशी उभे होते. विचारावं असं त्यांना फार वाटलं, पण ते तसेच हॉलमध्ये जाऊन बसले.